पाठीमागचा दिवा

गणेशचतुर्थी दोन दिवसांवर आली होती. ठाण्यातील एका घरासमोर मोटार उभी होती आणि तिच्याभोवती सर्वांची लगबग चालली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे चिपळूणजवळच्या मूळ गावी जावयाचे होते. पूजेचे साहित्य, कपड्यांच्या पेट्या, गावाकडच्या मंडळींसाठी घेतलेला खाऊ असे सर्व सामान गाडीत नीट बसविले गेले. वडिलांनी चाकांतील हवा पाहिली, इंजिनातील तेल पाहिले, पुढची काच लख्ख पुसली आणि पुढचे दोन्ही दिवे लावून त्यांचा उजेड भिंतीवर कसा पडतो तेही पाहिले. ‘झाले सर्व!’ असे म्हणून ते हात पुसू लागले.

ओट्यावर बसलेले आजोबा हे शांतपणे पाहत होते. त्यांचे उभे आयुष्य एस. टी.ची गाडी चालविण्यात गेले होते. त्यांनी विचारले, ‘‘मागचे दिवे पाहिलेस का रे?’’

‘‘अण्णा, पंधरा दिवसांपूर्वीच गाडी गॅरेजमधून आणली आहे. दिवे सगळे लागतात.’’

‘‘पुढचे लागतात हे तू पाहिलेस. मागचे कोणी पाहिले?’’

वडील क्षणभर निरुत्तर झाले. आजोबांनी सहावीत शिकणाऱ्या नातीला हाक मारली. ‘‘बाळ, गाडीच्या मागच्या बाजूला जा, पण अगदी मागे नको, जरा कडेला, दहा पावलांवर उभी राहा. बाबा ब्रेक दाबतील. कोणकोणते दिवे लागतात ते मोठ्याने सांग.’’

वडिलांनी हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवर पाय दिला. मागून आवाज आला, ‘‘आजोबा, उजवा लागला, मधला वरचा लागला, पण डावा लागतच नाही!’’

तो दिवा किती दिवसांपासून बंद होता, हे घरातील कोणालाही सांगता येईना. गाडी रोज रस्त्यावरून जात होती, रोज शेकडो वेळा ब्रेक दाबला जात होता, आणि दर वेळी तो दिवा मुकाच राहत होता. वडील निष्काळजी नव्हते. परंतु हा दिवाच असा आहे, की ज्याच्या गाडीला तो असतो त्याला तो कधीच दिसत नाही.

वाहनावरील दिव्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पुढचे मोठे दिवे चालकाला रस्ता दाखवितात. ते बिघडले तर त्याची स्वतःची अडचण होते आणि तो ते तत्काळ दुरुस्त करून घेतो. ब्रेकचा दिवा मात्र चालकासाठी नसतोच. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. चालकाने ब्रेकवर पाय ठेवताच तो दिवा लाल होतो आणि मागच्याला सांगतो, ‘मी वेग कमी करीत आहे, तूही सावध हो.’ रस्त्यावर एक माणूस दुसऱ्याशी बोलू शकत नाही. म्हणून गाड्यांनी एकमेकींशी बोलावे यासाठी ही सोय केलेली आहे. हा दिवा गेला म्हणजे गाडीची वाचाच गेली असे समजावे.

एका दिव्याने असा काय मोठा फरक पडतो, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. तिचे उत्तर थोड्या गणिताने मिळते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २० मीटर पुढे जाते. क्रिकेटच्या खेळपट्टीवर दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमध्ये सुमारे इतकेच अंतर असते. समोर लाल दिवा पेटल्यावर तो डोळ्यांनी पाहणे, त्याचा अर्थ मेंदूने जाणणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांस सावध माणसालाही सुमारे एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत गाडी २० ते ३० मीटर धावलेली असते. ब्रेकचे काम त्यानंतर सुरू होते.

आता पुढच्या गाडीचा दिवा लागलाच नाही तर काय होईल? पुढची गाडी मंदावली हे मागच्या चालकाला एकाच गोष्टीवरून कळू शकेल, ती म्हणजे पुढची गाडी हळूहळू मोठी दिसू लागणे. परंतु डोळ्यांना हा फरक पटकन उमगत नाही. दूर असलेली वस्तू जवळ येताना प्रारंभी फारच सावकाश मोठी होत असते, आणि तिचा आकार झपाट्याने वाढू लागतो तेव्हा ती अगदी पुढ्यात आलेली असते. या गोंधळात एकच सेकंद अधिक गेला, तरी आणखी २० मीटर हातचे निसटले. अंधार, धुके किंवा मुसळधार पाऊस असेल तर प्रश्नच मिटला. रस्ता ओला असला की गाडी थांबण्यासही अधिक अंतर लागते. म्हणजे जेव्हा वेळ सर्वांत थोडा असतो, तेव्हाच दिव्याची गरज सर्वांत मोठी असते.

केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ साली भारतात ४ लाख ६१ हजारांहून अधिक रस्ते अपघात झाले. त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश अपघात मागून बसलेल्या धडकेचे होते. या सर्वांना बंद दिवेच कारण होते असे नव्हे. अतिवेग, पुरेसे अंतर न ठेवणे, झोप अनावर होणे अशी कारणेही असतातच. तथापि ज्या धडका वेळीच मिळालेल्या इशाऱ्याने टळू शकतात, त्यांसाठी तो इशारा देणारा दिवा शाबूत असणे ही पहिली अट आहे.

या दिव्याचे सामर्थ्य प्रयोगानेही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने ३४३ टॅक्सींच्या मागच्या काचेच्या तळाशी, मधोमध, एक जादा इशारादिवा बसविला. त्याचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. या टॅक्सींना मागून धडक बसण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यात दिसून आले. पुढे अमेरिकेत १९८६ सालच्या नव्या मोटारींपासून असा तिसरा दिवा सक्तीचा झाला. सर्वच गाड्यांना तो आल्यावर डोळ्यांना त्याची सवय झाली आणि त्याचा लाभ पहिल्याइतका मोठा राहिला नाही. तरीही १९९८ सालच्या सरकारी पाहणीत मागून होणाऱ्या धडका सुमारे ४ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. लाखो गाड्यांच्या देशात ४ टक्के म्हणजे कित्येक घरांचे अश्रू वाचणे होय.

भारतातही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार वाहनाच्या मागे लाल रंगाचा, ब्रेक लावताच पेटणारा दिवा असणे आवश्यक आहे. मग इतक्या महत्त्वाच्या वस्तूकडे दुर्लक्ष का होते?

पहिले कारण वर आलेच आहे. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. दुसरे कारण असे, की ब्रेक बिघडला तर गाडी चालविणे अशक्य होते. परंतु ब्रेकचा दिवा बिघडला तरी गाडी पूर्वीइतकीच सुरळीत धावते. ना आवाज, ना हिसका. तिसरे कारण फसवे आहे. रात्री गाडीमागे मंद लाल दिवा सतत जळत असतो. तो गाडी कोठे आहे एवढेच दाखवितो. ब्रेकचा दिवा त्याहून बराच प्रखर असतो. अनेक वाहनांत या दोहोंसाठी एकच बल्ब असतो आणि त्यात दोन तारा असतात. एक ५ वॅटची मंद दिव्यासाठी आणि दुसरी २१ वॅटची ब्रेकसाठी. दुसरी तार तुटली तरी पहिली जळत राहते. मागचा लाल उजेड पाहून चालक निर्धास्त होतो. परंतु ब्रेक दाबल्यावर तो उजेड वाढतच नाही. चौथे कारण आळस. ‘एक दिवा लागतो ना, मग झाले; दुसरा उद्या पाहू,’ असे म्हणता म्हणता महिने उलटतात. अंधारात मागचा एकच दिवा लागणारा टेंपो लांबून मोटारसायकलसारखा भासतो, आणि मागचा चालक त्याच्या रुंदीचा अंदाज चुकतो.

कित्येक मालमोटारींची मागची बाजू वेलबुट्टी, पक्षी आणि सुभाषिते यांनी नटविलेली दिसते. त्या रंगकामाला खर्च होतो, वेळही लागतो. आणि तेथेच धुळीने माखलेला, फुटक्या काचेचा दिवा बिचारा बंद पडलेला असतो. ऊस गळिताच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे जाताना दिसतात. ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांआड तिचे दिवे झाकले जातात. काही ट्रॉल्यांच्या दिव्यांची तार ट्रॅक्टरला जोडलेलीच नसते. अशी ट्रॉली अंधाऱ्या रस्त्यावर थांबली, तर मागून येणाऱ्याच्या दृष्टीने ती अंधाराचाच एक भाग होते.

रेल्वेने पाठीमागच्या बाजूची ही अडचण फार पूर्वीच ओळखली. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला मागे दिवा किंवा ठरावीक खूण असते. गाडी स्थानकातून पुढे गेली की तेथील कर्मचारी ती खूण पाहतो. खूण दिसली म्हणजे गाडी अखंड आली, डबे सुटून मागे राहिले नाहीत, अशी खात्री होते. ती दिसल्यावाचून मागचा मार्ग मोकळा मानला जात नाही. तेथे गाडीची पाठ पाहण्यासाठी माणूस नेमलेला असतो. रस्त्यावरील वाहनासाठी असा माणूस नेमलेला नाही. म्हणून प्रत्येक चालकाने तो स्वतःच शोधला पाहिजे.

ब्रेकच्या दिव्याची तपासणी करण्यास दोन मिनिटे पुरतात. सर्वांत सोपा उपाय आजोबांनी केला तोच. एकाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने पाहावे. गाडी सपाट जागी उभी असावी, इंजिन बंद असावे, हँडब्रेक लावलेला असावा. काही वाहनांत दिवा लागण्यासाठी किल्ली फिरवून ठेवावी लागते. पाहणाऱ्याने गाडीच्या अगदी मागे उभे न राहता कडेला उभे राहावे.

सोबत कोणी नसेल तर संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून ती उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशातून भिंतीवर पाहावे. डावीकडे व उजवीकडे लाल उजेडाचे सारखे डाग पडले पाहिजेत. दुकानाच्या मोठ्या काचेतही प्रतिबिंब पाहता येते. तेही शक्य नसेल, तर योग्य लांबीची काठी बैठक आणि ब्रेकचे पॅडल यांमध्ये घट्ट बसवून, खाली उतरून दिवे पाहता येतात. काठी नंतर आठवणीने काढावी.

दुचाकीचे काम आणखी सोपे आहे. मात्र तेथे एक बारकावा आहे. हाताच्या ब्रेकला एक स्विच व पायाच्या ब्रेकला दुसरा स्विच असतो. एकाने दिवा लागतो म्हणून दुसऱ्यानेही लागेल असे नाही. म्हणून दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत.

पाहताना चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. सर्व दिवे लागतात का? दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे का? मागच्या मंद दिव्याहून तो स्पष्टपणे प्रखर आहे का? आणि ब्रेक सोडताच दिवे विझतात का? या चौथ्या प्रश्नाचे महत्त्व पुष्कळांना कळत नाही. सतत जळणारा ब्रेकचा दिवा न जळणाऱ्याइतकाच निरुपयोगी असतो. ‘लांडगा आला रे आला’ असे नेहमी ओरडणाऱ्या मुलावर गोष्टीतील गावकऱ्यांनी जसा विश्वास ठेवला नाही, तसेच या दिव्याचे होते.

बिघाड कोठे असावा याचाही अंदाज बांधता येतो. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून ब्रेकजवळच्या स्विचकडे येते. ब्रेक दाबताच स्विच वाट मोकळी करतो आणि वीज तारांतून बल्बपर्यंत पोहोचते. एकच दिवा बंद असेल तर बहुधा त्याचा बल्ब गेलेला असतो किंवा त्याची बैठक गंजलेली असते. सगळेच दिवे एकदम बंद असतील तर फ्यूज किंवा स्विच तपासावा. दिवे विझतच नसतील तर स्विच अडकलेला असतो. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लुकलुकू लागला तर तारेचा जोड सैल झालेला असण्याचा संभव असतो. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी साधी तार गुंडाळू नये. त्याने गाडीला आग लागण्याचे भय असते. आणि कित्येकदा बिघाड काहीच नसतो. काचेवर बसलेला चिखल ओल्या फडक्याने पुसला की दिवा पूर्ववत दिसू लागतो. पावसाळ्यात हे काम रोजचेच समजावे.

प्रवासात मध्येच दिवा गेला आणि दुरुस्तीचे ठिकाण दूर असले, तर दिवसा हाताची जुनी खूण उपयोगी पडते. उजवा हात बाहेर आडवा धरून, तळवा खाली करून, तो सावकाश वरखाली करावा. दिवे नव्हते तेव्हा चालक याच खुणेने ‘मी वेग कमी करीत आहे’ असे सांगत असत. मात्र ही तात्पुरती सोय होय. रात्री ती कोणाला दिसणार?

मुले मोटार चालवीत नाहीत, म्हणून या बाबतीत त्यांचे काही कर्तव्य नाही असे मानणे चूक ठरेल. घरातील स्कूटर, शेजारच्या काकांची रिक्षा, भाजी नेणारा टेंपो, शेतावरचा ट्रॅक्टर या सर्वांना मागे पाहणाऱ्या दोन डोळ्यांची गरज असते. ते डोळे मुलांचे असू शकतात. ‘काका, तुमचा मागचा दिवा लागत नाही,’ एवढे नम्रपणे सांगितले तर पुष्कळ चालक आभारच मानतील. दसऱ्याला वाहनाच्या पुढच्या भागाला झेंडूचा हार घातला जातो. त्या दिवशी मागच्या दिव्याची काच पुसून तोही एकदा तपासला, तर पूजा अधिक पूर्ण होईल.

त्या संध्याकाळी वडील नाक्यावर जाऊन नवा बल्ब घेऊन आले. गरम बल्बला हात लावू नये म्हणून आजोबांनी दिवे थोडा वेळ बंद ठेवावयास लावले. मग मागची काच उघडून जुना बल्ब काढला. आतली बारीक तार तुटून लोंबत होती. नवा बल्ब बसला, वडिलांनी पुन्हा ब्रेकवर पाय दिला, आणि नातीने टाळ्या वाजवून सांगितले, ‘‘लागला! आता तिन्ही लागले!’’

पहाटे गाडी निघाली. पनवेल सोडताच पावसाने गाठले. माणगावपर्यंत गाड्यांची लांबच लांब रांग होती, आणि त्या राखाडी पावसात पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकामागून एक पेटत व विझत होते. नात मागच्या काचेतून पाहत होती. वडिलांनी ब्रेक दाबला की मागून येणारी प्रत्येक गाडी शहाण्यासारखी आपला वेग कमी करी.

‘‘आजोबा, त्यांना आपला दिवा दिसतो आहे,’’ ती म्हणाली.

आजोबा हसले. ‘‘दिसायलाच हवा. तो त्यांचाच आहे. आपण तो फक्त वाहून नेतो.’’

चिपळूणला पोहोचेपर्यंत त्यांच्यामागे कितीतरी अनोळखी गाड्या आल्या आणि गेल्या. आदल्या संध्याकाळी कोणीतरी आपल्यासाठी एक दिवा लावून ठेवला होता, हे त्यांतील एकालाही कळले नाही. कळण्याची आवश्यकताही नव्हती. ते सर्वजण आपापल्या घरी सुखरूप पोहोचले, एवढे पुरेसे होते.

अभ्यास

१. ‘मागचे कोणी पाहिले?’ असे आजोबांनी का विचारले?

२. पुढचे मोठे दिवे आणि ब्रेकचा दिवा यांच्या उपयोगात कोणता फरक आहे?

३. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर पुढे जाईल?

४. ब्रेकच्या दिव्याकडे दुर्लक्ष होण्याची चार कारणे तुमच्या शब्दांत लिहा.

५. सतत जळणारा ब्रेकचा दिवा निरुपयोगी का ठरतो?

६. ‘तो त्यांचाच आहे. आपण तो फक्त वाहून नेतो,’ या उद्गारांचा अर्थ स्पष्ट करा.

७. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : निरुत्तर होणे, निर्धास्त होणे, तोंडावर येणे, अंदाज चुकणे.

८. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका वाहनाचे मागचे दिवे मोठ्या माणसांच्या सोबतीने तपासा व काय आढळले ते आठ-दहा ओळींत लिहा.